जिन्याखाली बाजार, जिन्यावर सत्ता

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, सफोक परगण्यात, ऑल्डबरा नावाचे एक छोटे गाव आहे. तिथला मूट हॉल, म्हणजे गावसभेचे घर, आज थेट समुद्राच्या गोट्यांवर उभा दिसतो. गावाचा कारभार चालवायची इमारत कोणी गावाच्या टोकाला, लाटांच्या तोंडाशी बांधेल का? कोणीच बांधली नव्हती. सोळाव्या शतकात हा हॉल उभा राहिला तेव्हा तो गावाच्या मध्यावर, बाजारचौकात होता. त्याच्या पूर्वेला घरे होती, गल्ल्या होत्या. पुढच्या शतकांत समुद्राने त्या गिळल्या आणि चौक किनाऱ्यावर आला. शेजारची स्लॉडन ही वस्ती तर पुरतीच गेली. या इमारतीचे वाचन सुरू करायचे ते इथून. तिने राज्य केले त्यातला बराचसा भाग आता पाण्याखाली आहे.

वास्तू म्हणून ती भव्य मुळीच नाही, आणि मला तिचे कौतुक आहे ते त्यामुळेच. उभ्या लाकडी खांबांचा सांगाडा, खांबांमध्ये विटांचे भरण, वर उतरते छप्पर, बाहेरच्या बाजूने चढणारा जिना. दक्षिणेच्या भिंतीवर सूर्यघड्याळ आहे आणि त्यावर लॅटिन ओळ कोरलेली आहे. आपण फक्त उन्हाचे, प्रसन्न तास मोजतो, असे ती सांगते. छपरावरच्या उंच, नक्षीदार चिमण्या मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातल्या डागडुजीत आल्या. इमारतीच्या मूळ स्वभावाला त्या जरा जड होतात, असे मला वाटते. खालचे घर साधे, आणि डोक्यावर राजवाड्याचा तुरा.

खरी गंमत तिच्या मांडणीत आहे. खालच्या मजल्यावर छोटी छोटी दुकाने होती आणि गावाची कोठडीही होती. वरच्या मजल्यावर सभा. गावाच्या नियमांविषयी ज्याला तक्रार होती, त्याला तोच जिना चढून वर जायचे होते, आणि जो नियम मोडताना सापडला त्याची रवानगी त्याच जिन्याच्या पायथ्याशी. माल विकणारा, कर घेणारा, न्याय करणारा आणि शिक्षा भोगणारा, सगळे एका छपराखाली, एकमेकांच्या आवाजाच्या टप्प्यात. त्या काळी गावाचा कारभार दोन बेलिफ आणि त्यांच्या भोवतालचे मोजके नागरिक बघत. ही मंडळी मतदानाने निवडून येत नसत; जागा रिकामी झाली की आतलेच लोक नवा माणूस घेत. गोदी, मासेमारी, जहाजबांधणी यांवर गाव तेव्हा भरभराटीला आलेले होते, आणि 1571 पासून ते दोन खासदार लंडनच्या संसदेत पाठवू लागले.

गावाच्या खजिनदाराच्या जमाखर्चाच्या वह्या टिकून राहिल्या आहेत. स्थानिक कारभाराचे मन वाचायचे असेल तर ठराव आणि सनदांपेक्षा अशा वह्या वाचाव्यात. सनदेत गाव आपल्याला कसे दिसावेसे वाटते ते लिहिलेले असते. खर्चाच्या वहीत ते कसे होते ते असते. 1645 आणि 1646 या वर्षांच्या नोंदी बघा. यादवी युद्धाचे दिवस. मॅथ्यू हॉपकिन्स हा चेटकिणी शोधणारा माणूस पूर्व इंग्लंडच्या गावागावांतून फिरत होता. ऑल्डबराने त्याला बोलावले. तो एकाहून अधिक वेळा आला, आणि त्याला एकूण सहा पौंड दिल्याचे वहीत आहे. पुढे सात जणींना फाशी देण्याचा खर्च आहे: अकरा शिलिंग. दुरुस्तीचे लाकूड, रस्त्याची खडी, बंदराची मजुरी यांच्याच रकान्यात, त्याच शाईने.

ही ओळ मला कितीही वेळा वाचली तरी सोडत नाही. तिच्यात क्रौर्याचा एकही शब्द नाही. काम झाले, पैसे दिले, हिशेबनीसाने नोंद केली. चूक कोणाची होती याचा शोध घेऊ लागलो तर हॉपकिन्सवर बोट ठेवणे सोपे. पण त्याला निमंत्रण देणारे, राहायला जागा देणारे आणि फी मंजूर करणारे याच वरच्या खोलीत बसत होते. आरोप ऐकणारे, कोठडी राखणारे आणि पैसे देणारे हात वेगळे नसले की मध्येच थांबून विचारणारा कोणी उरत नाही. मूट हॉलचे सौंदर्य ज्या एकत्रपणात आहे, त्याच एकत्रपणात हा धोकाही दडलेला आहे. या वास्तूचे रसग्रहण करताना मी दोन्ही गोष्टी एकाच नजरेत ठेवू इच्छितो.

नंतरची दीडशे वर्षे गाव ओसरत गेले. व्यापार आटला, समुद्र आत आला, पण दोन खासदार मात्र कायम राहिले. किनाऱ्याने थोडे उत्तरेला गेले की डनिच लागते. ते जुने बंदर बहुतांश समुद्रात गेले होते, तरी तेही दोन खासदार पाठवत असे, आणि त्याच वेळी मँचेस्टरसारख्या शहराला स्वतःचा एकही नव्हता. अशा मतदारसंघांवर बड्या उमरावांचा ताबा असे. ऑल्डबराचे शेवटच्या काळातले एक खासदार होते जॉन विल्सन क्रोकर. मतदारसंघांच्या सुधारणेच्या विधेयकाला त्यांनी संसदेत तळमळीने विरोध केला, आणि 1832 मध्ये कायदा झाल्यावर नव्या संसदेत बसायचे नाही हा शब्द त्यांनी पाळला. ऑल्डबराची खासदारकी त्या कायद्यानेच गेली.

या ओसरत्या गावात 1754 मध्ये जॉर्ज क्रॅब जन्मला. बाप मिठाच्या कराचा वसुलीदार. पोराने स्लॉडनच्या धक्क्यावर पिंपे हलवण्याचे काम केलेले. पुढे तो धर्मोपदेशक झाला, कवी झाला आणि 1810 मध्ये त्याने ‘द बरो’ लिहिले: एका समुद्रकाठच्या गावाची चोवीस पत्रांतली ओळख. त्यातले गाव हुबेहूब ऑल्डबरा नाही, पण ऑल्डबराचा खारा वारा त्यात सर्वत्र आहे. निवडणुकीच्या पत्रात एका मेयरचे चित्र येते. हा मूळचा कोळी. पै-पै साठवून पिशव्यांत भरून ठेवतो, कारण पैसे कर्जाऊ दिले तर त्यावर व्याज मिळते हेच त्याला ठाऊक नसते. कोणी तरी सांगते तेव्हा तो थक्क होतो. क्रॅब त्याला हिणवत नाही, मोठाही करत नाही. जाळी ओढणाऱ्या हाताला मेयरची साखळी कशी बसते, एवढेच तो नीट दाखवतो. स्थानिक सत्तेवर इतके बारीक आणि इतके समजूतदार लिखाण मी फार कमी वाचले आहे.

त्याच पुस्तकात पीटर ग्राइम्सची गोष्ट आहे. गरीबखान्यातली अनाथ पोरे घेऊन कामाला जुंपणारा हा कोळी. एक पोर मरते, गाव गप्प बसते. दुसरे मरते. तिसऱ्यानंतर मेयर त्याला खडसावतो की यापुढे तुझ्याकडे पोर राहणार नाही. तीन मृत्यू झाल्यावर! गरिबांच्या पोरांची जबाबदारी तेव्हा स्थानिक संस्थांकडेच होती, आणि त्यांचा भार हलका करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे त्यांना कोणाकडे तरी शिकाऊ म्हणून देऊन टाकणे. क्रॅब कायद्यावर भाष्य करत नाही. मुलांचे काय झाले ते सांगतो.

बेंजामिन ब्रिटन या सफोकच्याच संगीतकाराने या कथेची ऑपेरा केली. 7 जून 1945 रोजी लंडनच्या सॅडलर्स वेल्समध्ये तिचा पहिला प्रयोग झाला. संहिता मोंटेग्यू स्लेटर यांची. पडदा उघडतो तो मूट हॉलमध्ये. वाद्यसंगीताची नेहमीची प्रस्तावना नाही, थेट पोराच्या मृत्यूची चौकशीच सुरू. मेजामागे स्वॉलो बसला आहे, आणि तो एकाच वेळी गावाचा प्रमुख वकील, मेयर आणि कोरोनर, म्हणजे मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, आहे. स्लेटरने हे तिन्ही हुद्दे एका माणसाला दिले, यात मला त्याची मोठी जाण दिसते. वरच्या खोलीचा सगळा इतिहास त्याने एका पात्रात आणला.

आणि ब्रिटन ते कानांना कसे दाखवतो ते ऐकण्यासारखे आहे. स्वॉलोचे बोलणे तुटक, घाईचे. लाकडी सुषिरवाद्यांच्या लगबगीवर स्वार झालेले. कागद पुरे करायचे आहेत, जेवायची वेळ झाली आहे असा सूर. ग्राइम्स शपथ घेतो तेव्हा मात्र वेळ थबकते. तंतुवाद्यांचे मंद, लांब स्वर त्याच्या आवाजाभोवती पसरतात. खोली तीच, शब्दही तेच, पण दोघे वेगवेगळ्या काळात उभे आहेत. भोवती गाव कुजबुजते, चिडते, आत घुसू पाहते. निकाल काय? अपघात. सोबत एक सल्ला, की पुन्हा पोर ठेवू नकोस. ग्राइम्सला मात्र उघड सुनावणी हवी आहे, म्हणजे गावाच्या तोंडावर उत्तर देता येईल. ती त्याला मिळत नाही. दोष सिद्ध नाही आणि नाव साफही नाही, अशा मधल्या अवस्थेत अधिकारी त्याला सोडून देतात आणि निघून जातात. पुढची सारी शोकांतिका त्या अर्धवट निकालातून येते. खोली रिकामी झाल्यावर गावातली शिक्षिका एलन आणि पीटर वाद्यांच्या साथीशिवाय, दोन वेगळ्या स्वरपट्ट्यांत गातात आणि अखेर एका सुरावर येऊन मिळतात. कायद्याला जे जमले नाही ते दोन माणसांना क्षणभर जमते.

आता पुन्हा खऱ्या गावाकडे. 1835 च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधल्या 178 शहर-गावांच्या जुन्या नगरसंस्था मोडून करदात्यांनी निवडलेल्या परिषदा आणल्या. ऑल्डबरासारखी लहान गावे त्यातून सुटली आणि जुन्या पद्धतीनेच आणखी अर्धे शतक चालली. 1883 च्या कायद्यानंतरच तिथे निवडून आलेली परिषद आणि मेयर आले. या नव्या व्यवस्थेत गॅरेट घराण्याचा दबदबा होता. न्यूसन गॅरेट हे धान्य आणि माल्टचे व्यापारी. जवळच्या स्नेपमधल्या त्यांच्या माल्टच्या इमारतींत आज संगीतसभा होतात. ते मेयर झाले. त्यांचे जावई जेम्स स्केल्टन अँडरसन हेही मेयर झाले. आणि जावई 1907 मध्ये वारल्यावर, 9 नोव्हेंबर 1908 रोजी, न्यूसन यांची मुलगी एलिझाबेथ गॅरेट अँडरसन मेयर झाली. इंग्लंडमधली पहिली स्त्री मेयर.

ही एलिझाबेथ कोण, हे मराठी वाचकाला एका बाजूने ठाऊक असायला हवे. 1865 मध्ये अपोथेकरी संस्थेचा परवाना मिळवून ब्रिटनमध्ये डॉक्टर म्हणून पात्र ठरलेली ती पहिली स्त्री. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेची ती 1883 ते 1903 अशी वीस वर्षे डीन होती, आणि याच काळात मुंबईच्या रखमाबाई, बालविवाहाच्या खटल्याने देशभर गाजलेल्या, तिथे शिकून डॉक्टर झाल्या. नवऱ्याच्या घरी जा नाहीतर तुरुंगात जा, असे न्यायालयाने ज्यांना सांगितले होते, त्यांना शिकवणाऱ्या शाळेची प्रमुख पुढे एका जुन्या न्यायखोलीत मेयर म्हणून बसली.

ती बसू शकली याचे श्रेय 1907 च्या कायद्याला आहे. स्त्रियांना नगरपरिषदांवर निवडून जाण्याची आणि मेयर होण्याची मुभा त्याने दिली. संसदेचे मत मात्र नव्हते. ती गावाची प्रथम नागरिक होती आणि देशाच्या निवडणुकीत तिला कागदाचा कपटाही टाकता येत नव्हता. नोव्हेंबर 1910 मध्ये, वयाच्या 74 व्या वर्षी, एमेलिन पँकहर्स्ट यांच्यासोबत ती मताच्या मागणीसाठी संसदेवर निघालेल्या स्त्रियांच्या पुढे चालली. त्या दिवशी पोलिसांनी बायकांना फार वाईट वागवले. डिसेंबर 1917 मध्ये ती गेली, आणि काही आठवड्यांतच मताधिकाराचा कायदा झाला. तिची धाकटी बहीण मिलिसेंट फॉसेट, जन्म ऑल्डबराचाच, तो दिवस बघायला होती. मूट हॉलच्या खोलीने चेटकिणींचा खर्च मंजूर केला होता. त्याच खोलीत एका बाईने सभा चालवली. या अंतराला 262 वर्षे लागली.

1 एप्रिल 1974 रोजी ऑल्डबराची स्वतंत्र नगरपालिका संपली आणि गाव मोठ्या जिल्हा परिषदेत गेले; 2019 पासून ते ईस्ट सफोक जिल्ह्यात आहे. घरबांधणी, कचरा, नियोजनाचे निर्णय तिकडे होतात. टाउन कौन्सिल आणि मेयर उरले आहेत, पण बांधकामाच्या अर्जावर त्यांचे फक्त मत मागवले जाते. कोठडी कधीच गेली, दुकाने गेली, न्याय गेला, खासदार गेले. खाली गावाचे संग्रहालय आहे आणि वर कौन्सिलच्या सभा आजही भरतात. काही जण याला ऱ्हास म्हणतात. मला तसे वाटत नाही. अधिकार एकेक करून बाहेर गेले हे खरे, पण एक गोष्ट आत आली. 1960 च्या कायद्याने अशा परिषदांच्या सभा जनतेला आणि वार्ताहरांना खुल्या केल्या. हे विधेयक मार्गारेट थॅचर यांनी संसदेतल्या आपल्या पहिल्याच भाषणात मांडले होते. जे जुने बेलिफ आपसांत ठरवून टाकत, ते ऐकायला आता ऑल्डबराचा कोणीही माणूस तो जिना चढून वर बसू शकतो.