‘तुकडा’ म्हणजे काय? जमीन-उपविभागणीविषयक कायद्यांतील व्याख्यांची चिकित्सा : भिवापूर तालुक्याच्या संदर्भात

सारांश : महाराष्ट्रात जमिनीच्या उपविभागणीचे नियमन एकाच कायद्याने होत नाही. तुकडेबंदी अधिनियम, जमीन महसूल संहिता, नगररचना अधिनियम आणि विकास नियंत्रण नियमावली यांत एकाच कृतीसाठी वेगवेगळ्या संज्ञा योजलेल्या आहेत. प्रस्तुत लेखात ‘तुकडा’, ‘प्रमाणभूत क्षेत्र’, ‘जिरायत-बागायत’, ‘उपविभाजन’ व ‘गावठाण’ या संज्ञांची चिकित्सा केली आहे. व्याख्येचे शब्द कायम ठेवून आकडे व अपवाद बदलत गेल्याने या संज्ञा आपल्या मूळ हेतूपासून तुटल्या आहेत आणि त्याचा भार अल्प हिस्सेदारावर पडतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

महत्त्वाच्या संज्ञा : तुकडेबंदी, प्रमाणभूत क्षेत्र, पोटहिस्सा, अभिन्यास, गावठाण.

प्रस्तावना

कायद्याच्या आरंभी दिलेल्या व्याख्या हा अनेकदा वाचकाने ओलांडून पुढे जाण्याचा भाग मानला जातो. वस्तुतः एखादा व्यवहार वैध की अवैध, हे पुष्कळदा तेथेच ठरून गेलेले असते. पुढील कलमे फक्त त्या निर्णयाचे परिणाम सांगतात. म्हणून व्याख्या हा कायद्याचा केवळ तांत्रिक भाग नसून कायद्याच्या हेतूचे ते पहिले विधान होय, या दृष्टीने तिची समीक्षा होणे आवश्यक आहे.

भिवापूर तालुका या समीक्षेस सोयीचा आहे. नागपूर जिल्ह्याच्या आग्नेयेकडील हा भाग मिरचीसाठी प्रसिद्ध असून येथील मिरचीस भौगोलिक मानांकनही लाभले आहे. एकीकडे नागपूर–उमरेड–भिवापूर–नागभीड हा रहदारीचा मार्ग, दुसरीकडे गोसीखुर्द प्रकल्पाचे पाणी व पुनर्वसन, आणि तिसरीकडे पिढीगणिक लहान होत जाणारी शेते, अशा तिहेरी परिस्थितीत जमिनीच्या विभागणीचा प्रश्न येथे रोजचाच झाला आहे.

‘तुकडा’ आणि ‘प्रमाणभूत क्षेत्र’

मुंबई प्रांतात १९४७ साली धारण जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा व त्यांचे एकत्रीकरण करणारा अधिनियम झाला. तोच पुढे महाराष्ट्राचा अधिनियम म्हणून विदर्भासही लागू झाला. या अधिनियमानुसार प्रमाणभूत क्षेत्राहून कमी असलेली जमीन म्हणजे ‘तुकडा’ होय. ‘जमीन’ या शब्दाने येथे शेतजमीनच अभिप्रेत आहे. प्रमाणभूत क्षेत्राची व्याख्या अधिक अर्थपूर्ण आहे. विशिष्ट स्थानिक क्षेत्रात विशिष्ट वर्गाच्या जमिनीची किफायतशीर लागवड करण्यासाठी आवश्यक असे जे किमान क्षेत्र शासन निश्चित करील, ते प्रमाणभूत क्षेत्र. तुकडा निर्माण होईल असे हस्तांतरण किंवा अशी वाटणी करण्यास कलम ८ अन्वये मनाई आहे.

येथे बोलीतील शब्द आणि कायद्यातील शब्द यांत पहिले अंतर पडते. बोलीत जमिनीचा तुकडा म्हणजे जमिनीचा कोणताही भाग. कायद्यात मात्र ‘तुकडा’ हे क्षेत्राचे वर्णन नसून आर्थिक निर्णय आहे : या क्षेत्रावर शेती परवडणार नाही, असा. हा निर्णय कशाच्या आधारे घ्यावयाचा, हेही व्याख्येतच सांगितले आहे. निकष ‘किफायतशीर लागवड’ हा आहे.

८ ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने अकोला व रायगड वगळता ३२ जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीस २० आर व बागायतीस १० आर असे ठरविण्यात आले. नागपूर जिल्ह्यासही हेच आकडे लागू आहेत. आता व्याख्या आणि आकडा एकत्र वाचावेत. वीस आर म्हणजे सुमारे अर्धा एकर. अर्ध्या एकर कोरडवाहू जमिनीत कापूस, सोयाबीन वा तूर घेऊन एका कुटुंबाची शेती किफायतशीर होते, असे या तालुक्यातील कोणताही शेतकरी म्हणणार नाही. म्हणजेच आकडा किफायतशीर लागवडीचा राहिलेला नाही, व्याख्या मात्र तीच आहे.

या बदलास व्यावहारिक कारण होते, हे मान्य केले पाहिजे. मोठे प्रमाणभूत क्षेत्र ठेवल्याने लहान व्यवहार थांबले नाहीत. ते साध्या करारपत्रांवर, नोंदणीबाहेर होत राहिले. त्यामुळे मर्यादा खाली आणणे हा वास्तवाचा स्वीकार होता. आक्षेप मर्यादा खाली आणण्यास नाही. हेतू बदलला असताना हेतू सांगणारी व्याख्या न बदलण्यास आहे. विधिमंडळाने ठरविलेला निकष तसाच ठेवून अधिसूचनेने त्याचा आशय काढून घेता येत असेल, तर त्या निकषाचे मूल्य काय उरते?

जिरायत, बागायत आणि ओलीत

दुसरी अडचण वर्गवारीची आहे. पंधरा आरांचे एक शेत घेऊ. ते जिरायत असेल तर कायद्याच्या दृष्टीने तुकडा आहे. त्याच शेतास कालव्याचे पाणी मिळून ते बागायत ठरले, तर ते तुकडा राहत नाही. तसेच तीस आर जमीन दोन भावांत सारखी वाटावयाची असल्यास, ती बागायत असेल तर वाटणी होऊ शकते, जिरायत असेल तर नाही. गोसीखुर्दच्या लाभक्षेत्रात ही केवळ कल्पना नाही. जमिनीचे कायदेशीर स्वरूप तेथे पाण्याच्या नोंदीवर अवलंबून राहते आणि पाण्याची नोंद नेहमीच प्रत्यक्ष पाण्याबरोबर चालत नाही. शिवाय खरिपात तलावाचे पाणी मिळणारी धानाची शेती पूर्व विदर्भात जुनी आहे. हंगामी ओलिताची ही जमीन दोनच कप्प्यांच्या वर्गवारीत सहज बसत नाही.

शब्दांचा प्रश्नही येथे गौण नाही. जिरायत व बागायत हे महसुली शब्द. वऱ्हाड-नागपुराकडील शेतकऱ्याचे शब्द कोरडवाहू आणि ओलीत. या भागात ‘बागायत’ म्हटले की संत्र्याची बाग डोळ्यांपुढे येते. हा प्रदेश मध्य प्रांतातून आलेला असून येथील मालगुजारी १९५१ मध्ये संपुष्टात आली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली; परंतु खसरा, मौजा, आराजी, पटवारी हलका हे शब्द व्यवहारातून व खरेदीखतांतून गेले नाहीत. संहितेनेही निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज यांना आपल्या कलमांत स्थान दिले. नोंदींसाठी जे केले गेले, ते वर्गवारीसाठी झाले नाही.

‘उपविभाजन’ : नोंद, कृती की परिणाम?

जमीन महसूल संहितेत भूमापन क्रमांकाचा पोटविभाग म्हणजे ज्या भागाचे क्षेत्र व आकारणी मुख्य क्रमांकाखालील उपक्रमांकाने अभिलेखात स्वतंत्रपणे नोंदली आहे, असा भाग. याउलट महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधील ‘विकास’ या संज्ञेच्या व्याख्येत कोणत्याही जमिनीचा अभिन्यास व उपविभाजन यांचा समावेश आहे. तुकडेबंदी अधिनियमास या दोहोंपेक्षा विभागणीतून काय उरते याची चिंता आहे. थोडक्यात, एका कायद्यास उपविभाजन ही नोंद वाटते, दुसऱ्यास ती परवानगी लागणारी कृती वाटते, तिसऱ्यास तो निषिद्ध परिणाम वाटतो.

सामान्य खातेदारास ही तीन रूपे वेगळी दिसत नाहीत. त्याच्या दृष्टीने सातबारावर आपले नाव वेगळे झाले की जमीन वेगळी झाली. प्रत्यक्षात नोंद झालेला पोटहिस्सा हा मंजूर अभिन्यासातील भूखंड नसतो, आणि पाच जणांचा वेगवेगळा ताबा म्हणजे पोटहिस्साही नसतो. या गोंधळाचा सर्वाधिक लाभ ‘प्लॉट’ विकणाऱ्यास होतो. कारण तिन्हींना बाजारात एकच शब्द आहे.

डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने प्रादेशिक योजनांच्या क्षेत्रांसही समान नियम आणले. ०.४ हेक्टर वा त्याहून अधिक क्षेत्राच्या अभिन्यासात १० टक्के मोकळी जागा सोडणे त्यानुसार आवश्यक आहे. त्यामुळे उंबरठ्याच्या आत-बाहेर असण्यास मोठे मोल येते. शेतजमिनीसाठी तुकड्यांची भीती बाळगणारी कायदेव्यवस्था घरांच्या जमिनीबाबत लहान भूखंडास मोकळ्या जागेच्या बंधनातून सूट देते. दोन्ही नियम आपापल्या जागी समर्थनीय असतील. पण शेत आणि वस्ती यांच्या सीमेवरील जमिनीस ते परस्परविरुद्ध दिशांना ओढतात.

‘गावठाण’ : व्याख्येची साखळी

संहितेत २०१७ साली आलेल्या कलम ४२-ड ने गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीस अकृषिक वापराच्या दृष्टीने वेगळे स्थान दिले. प्रश्न असा की हद्द कोणती? व्याख्येनुसार कलम १२२ अन्वये निश्चित झालेली. म्हणजे एक कलम व्याख्येकडे, व्याख्या दुसऱ्या कलमाकडे, ते कलम अधिकाऱ्याच्या निर्णयाकडे आणि निर्णय नकाशाकडे बोट दाखवितो. गोसीखुर्दमुळे नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील गावे उठून नव्या ठिकाणी वसली. अशा परिसरात कोणती रेषा कधीपासून गावठाणाची हद्द मानावयाची, यावर शेजारच्या शेताची किंमत ठरते. इतके मोल असलेली रेषा व्याख्येत नाही, नकाशात आहे. आणि तो नकाशा खातेदाराच्या हाती सहसा नसतो.

अपवादांनी घडविलेला अर्थ

व्याख्या न बदलता अर्थ बदलण्याचे दुसरे साधन म्हणजे अपवाद. २०१७ च्या दुरुस्तीने अकृषिक वापराच्या जमिनींबाबत झालेले भंगाचे व्यवहार बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत अधिमूल्य घेऊन नियमित करण्याची सोय झाली. २०२४ मध्ये हा दर ५ टक्क्यांवर आला. २०२५ च्या अध्यादेशाने १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातील, निवासी व अन्य अकृषिक वापरासाठी योजलेल्या क्षेत्रांतील व्यवहार विनाशुल्क नियमित करण्याचा मार्ग मोकळा केला. मधल्या काळात, मार्च २०२४ च्या नियमांनी विहिरीसाठी ५ आरांपर्यंत, शेतरस्त्यासाठी आणि ग्रामीण घरकुलासाठी १००० चौरस फुटांपर्यंत लहान क्षेत्राच्या हस्तांतरणास जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने वाव दिला.

यांतील विहीर, रस्ता व घरकुल हे अपवाद शेती व शेतकरी यांच्याच गरजेतून आलेले असल्याने मूळ हेतूशी सुसंगत आहेत. नियमितीकरणाचे तसे म्हणता येत नाही. ज्याने कायदा पाळून विक्री टाळली, त्यास त्याचा काही लाभ नाही. ज्याने २०२४ पूर्वी अधिमूल्य भरले, त्याने अधिक भरले. नागपूर शहरात ‘५७२’ व ‘१९००’ हे आकडे अभिन्यासांची नावे होऊन बसले आहेत. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने तर अनधिकृत उपविभाजनालाच स्वतंत्र व्याख्या दिली. त्याची अंतिम तारीख प्रथम १ जानेवारी २००१ होती, २०२१ च्या दुरुस्तीने ती ३१ डिसेंबर २०२० झाली. तारीख पुढे सरकते, हा धडा लोक व्याख्येपेक्षा लवकर शिकतात.

व्याख्या कोणी लावावयाची?

१२ जुलै २०२१ च्या नोंदणी विभागाच्या परिपत्रकाने मंजूर अभिन्यासाशिवाय एक-दोन गुंठ्यांच्या दस्तांची नोंदणी न करण्याच्या सूचना दिल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ५ मे २०२२ रोजी ते परिपत्रक व त्यास आधारभूत असलेला नोंदणी नियमातील भाग रद्द ठरविला. या वादातून निघणारा प्रश्न समीक्षेच्या दृष्टीने मोलाचा आहे. एखादी जमीन ‘तुकडा’ आहे काय, हे ठरविण्यास स्थानिक क्षेत्र, जमिनीचा वर्ग व वापर यांची चौकशी लागते. दस्त नोंदविणाऱ्या अधिकाऱ्याकडे अशी चौकशी करण्याचे साधन नाही. स्पष्ट नसलेली व्याख्या खिडकीवर लावावयास दिली, की ती सरसकट नकारात रूपांतरित होते.

या नकाराचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. मोठ्या खातेदाराच्या वाटण्या मर्यादेच्या वर राहतात. ज्यांच्या वाट्यास दहा-बारा आर कोरडवाहू जमीन येते, त्यांची नावे सामाईक सातबारावरच राहतात. वाटणीतून तुकडा होत असेल तर हिश्शाऐवजी पैशाने भरपाई द्यावी, अशी अधिनियमाची योजना आहे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातील मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांप्रमाणे जन्मतः हक्क दिला. हिस्सेदार वाढल्यावर जमीन सोडून रक्कम घेण्यास बहुधा कोणास सांगितले जाईल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. क्षेत्राची व्याख्या अशा रीतीने वारसाहक्काच्या प्रत्यक्ष अनुभवापर्यंत पोहोचते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. ‘किफायतशीर लागवड’ हा निकष ठेवावयाचा असेल, तर प्रमाणभूत क्षेत्राचा आकडा त्या निकषावर सिद्ध करून दाखविला पाहिजे. निकष सोडावयाचा असेल, तर विधिमंडळात व्याख्याच बदलली पाहिजे.

२. जमिनीची वर्गवारी जिल्हासमूहासाठी एकच न ठेवता स्थानिक क्षेत्रानुसार करावी. हंगामी ओलिताच्या जमिनीस तीत स्वतंत्र स्थान असावे. ‘स्थानिक क्षेत्र’ हा शब्द अधिनियमात आरंभापासून आहे, त्यास अर्थ देणे तेवढे बाकी आहे.

३. पोटहिस्सा, अभिन्यासातील भूखंड व तुकडा या तीन संज्ञांतील भेद सातबारा उतारा व खरेदीखत यांवर सुबोध मराठीत छापला जावा. विदर्भात प्रचलित शब्द त्यासोबत द्यावेत.

४. गावठाणाची निश्चित हद्द व तिच्या निश्चितीचा दिनांक प्रत्येक ग्रामपंचायतीत पाहण्यास उपलब्ध असावा.

कायद्याचे अज्ञान ही सबब ठरत नाही, असे न्यायतत्त्व आहे. त्या तत्त्वाची दुसरी बाजू अशी की, ज्यास कायदा लागू होतो त्यास त्यातील शब्द समजतील अशी व्यवस्था राज्याने केली पाहिजे. जमिनीच्या बाबतीत ही व्यवस्था अद्याप अपुरी आहे, आणि विधी, भाषा व कृषी अर्थशास्त्र या तिन्ही विषयांच्या अभ्यासकांनी एकत्र येऊन करावयाचे काम येथे शिल्लक आहे.