फुरसतीची कसोटी

देशाटनाने माणूस शहाणा होतो, असे आपण लहानपणापासून पाठ करीत आलो आहो. पण नवरा-बायको मिळून देशाटनाला निघाली म्हणजे काय होते, याविषयी आपली सुभाषिते मौन पाळतात. घरी असताना संसाराला शंभर टेकू असतात. दूधवाला, मुलांच्या परीक्षा, ऑफिसची वेळ, पाहुणेरावळे यांतून दोघांत बोलण्यासारखे काही उरले आहे की नाही, हे तपासण्याची पाळीच येत नाही. परक्या गावी, ओळखीचे कुणी नाही आणि घाईही नाही, अशी आठ दिवसांची फुरसत मिळाली, की तो प्रश्न समोर येऊन बसतो. रोबेर्तो रोसेलिनी या इटालियन दिग्दर्शकाच्या ‘व्हियाज्जो इन इतालिया’, म्हणजे ‘इटलीचा प्रवास’, या १९५४ सालच्या चित्रपटाचा विषय हाच आहे.

कथा म्हणाल तर एवढीशी. ॲलेक्स आणि कॅथरिन जॉइस हे सुखवस्तू इंग्रज जोडपे. लग्नाला आठ वर्षे झालेली, मूलबाळ नाही. नेपल्सजवळ एका काकांच्या मागे राहिलेला बंगला विकायचा, म्हणून दोघे मोटारीने इटलीत उतरतात. व्यवहार पुरा होईपर्यंत हाती काम असे काही नाही. लग्न झाल्यापासून आपण खऱ्या अर्थाने दोघेच असे प्रथमच आहो, हे त्यांच्या सुरुवातीलाच ध्यानात येते. आणि त्यांना आनंद न होता भय वाटते. जॉर्ज सँडर्स आणि इन्ग्रिड बर्गमन यांनी हे भय मोठे आवाज न चढवता दाखविले आहे. टोमणे मारतात तेही सभ्यपणे, आणि म्हणूनच ते अधिक बोचतात.

पुढे दोघांच्या वाटा फुटतात. त्याला प्राचीन अवशेषांत रस नाही. तो काप्री बेटावर ओळखीच्या मंडळींत मन रमवायला जातो. तिथेही हाती काही लागत नाही. ती एकटी मोटार घेऊन नेपल्स पाहत हिंडते. तिच्या मनात एका तरुण कवीची आठवण आहे. युद्धकाळात तो या भागात होता, इथल्या मूर्तींवर त्याने कविता लिहिल्या. लग्नाच्या आदल्या रात्री आजारी अंगाने पावसात तिच्या खिडकीखाली येऊन उभा राहिला, आणि पुढे मेला. नवऱ्याला त्या कवीची थट्टा सुचते. पण मेलेल्या माणसाचा मत्सर थट्टेने शमत नसतो!

प्रवासाच्या चित्रपटात प्रेक्षणीय स्थळे म्हणजे बहुधा पोस्टकार्डांची माळ असते. रोसेलिनीचे कौशल्य असे की इथे प्रत्येक स्थळ कॅथरिनला काही विचारते. वस्तुसंग्रहालयातील फार्नेस हर्क्युलीसची प्रचंड मूर्ती, नशेत पहुडलेला वनदेव, नग्न देवता पाहताना वाटेकऱ्याचे गुळगुळीत व्याख्यान चालू असते. आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे दगड आपल्याहून अधिक जिवंत आहेत, ही जाणीव तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटते. पोत्सुओलीच्या ज्वालामुखीच्या पठारावर एका ठिकाणी धूर धरला की साऱ्या पठारातून वाफा उसळतात. वरून थंड दिसणाऱ्या जमिनीच्या पोटात काय आहे, हे निराळे सांगावे लागत नाही. फोंतानेल्लेच्या कवट्यांनी भरलेल्या गुहेत बंगल्याची देखभाल करणारी नेपल्सची बाई मूल व्हावे म्हणून प्रार्थना करते. आणि रस्त्यांवर तर कॅथरिनला पावलोपावली गर्भवती बायका अन् बाबागाड्याच दिसतात. तिच्या रिकाम्या कुशीबद्दल एक अक्षर न बोलता दिग्दर्शक सारे बोलून जातो.

या चित्रपटाचा कळस पाँपेईत आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली ते गाव गाडले गेले. देह कुजून गेले, पण राखेत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या राहिल्या. त्यांत प्लॅस्टर ओतून मेलेल्या माणसांचे आकार मिळवण्याची युक्ती फिओरेल्ली या संशोधकाने १८६३ साली काढली. घटस्फोटाचे शब्द नुकतेच उच्चारले गेले आहेत, आणि नेमक्या त्याच वेळी एक स्नेही या पतिपत्नींना आग्रहाने उत्खनन पाहायला नेतो. मजूर माती खरवडतात. एक पाय, एक हात, मग चेहरा, आणि शेवटी शेजारी शेजारी पडलेले स्त्री-पुरुष. मृत्यूने गाठले तेव्हा ते एकत्र होते. कॅथरिनला ते सोसत नाही. ती रडत बाजूला होते. ‘आपण एकत्र का राहावे?’ या प्रश्नाचे उत्तर वकिलाला देता येत नाही. मातीतून निघालेले ते दोघे ते देतात.

चित्रपटात उणिवा नाहीत असे नाही. नेपल्सची माणसे म्हणजे साधीभोळी, देवभक्त, लेकुरवाळी, असे चित्र उत्तरेकडून आलेल्या पाहुण्याच्या नजरेतले आहे. त्यांच्या दारिद्र्याकडे ‘रोम, खुले शहर’ काढणाऱ्या या दिग्दर्शकाने इथे पाठ फिरविली आहे. सँडर्सला त्या त्या दिवशीचे संवाद ऐनवेळी मिळत, आणि त्याचा त्रागा पडद्यावर कधी कधी पात्राचा न वाटता नटाचाच वाटतो.

मोठा वाद आहे तो शेवटाचा. परतीच्या वाटेवर देवाच्या मिरवणुकीने मोटार अडते. चमत्कार झाल्याची आरोळी उठते. लोटणाऱ्या गर्दीत कॅथरिन वाहून जाऊ लागते, नवरा धावतो, आणि दोघे एकमेकांना मिठी मारतात. हे फार सोपे झाले, असे अनेकांना वाटते. इटलीत चित्रपट पडला. पॅरिसच्या ‘कायये द्यु सिनेमा’ मासिकात मात्र झाक रिव्हेतने १९५५ साली त्याची मोठ्या उत्साहाने बाजू मांडली. आमच्या मते हा शेवट खरा आहे, कारण तो सुखाची हमी देत नाही. एकमेकांना हरवण्याचे भय त्या एका क्षणी त्यांना प्रथमच कळले, एवढेच तो सांगतो. मिठीनंतर कॅमेरा त्यांना सोडून वाजंत्री आणि पुढे सरकणाऱ्या लोकांवर जातो. उद्या काय, हे त्या दोघांनी पाहायचे आहे.

बर्गमन आणि रोसेलिनी ही तेव्हा पतिपत्नीच होती. १९५६ च्या अखेरीस रोसेलिनी भारतात आला, त्यातून १९५९ चा ‘इंडिया मातृभूमि’ निघाला. त्यांचा संसार मात्र १९५७ सालीच मोडला. पण हे ठाऊक नसले तरी चित्रपटाचे काही अडत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत दोघांनीच कुठे जाण्याचा बेत असेल, तर सामानात वर्तमानपत्रे थोडी कमी घ्यावीत. बोलायला काही सुचत नाहीसे झाले, की घाबरून घड्याळ पाहू नये. जॉइस पतिपत्नींना जे आठ वर्षांत कळले नाही, ते त्या मोकळ्या वेळानेच त्यांना शिकविले.