शंभर अधिक पन्नास: कार्बन डायऑक्साइड नक्की कोण ओळखतं?

श्वास रोखून धरला की थोड्याच वेळात जीव कासावीस होतो. ही तगमग मुख्यतः रक्तात साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे होते. नेहमीच्या श्वासाची सूत्रं याच वायूच्या हातात असतात, हे हॉल्डेन आणि प्रिस्टली यांनी १९०५ मध्येच दाखवलं होतं. तो रक्तातून मेंदूत सहज शिरतो, पाण्याशी मिळून आम्ल बनवतो आणि ते ब्रेनस्टेममधल्या काही पेशींना जाणवतं. प्रश्न असा, की कोणत्या पेशींना?

आज ज्या पेपरबद्दल लिहितेय, तो २०१५ साली 'सायन्स'मध्ये आला आणि त्याचं उत्तर ठाम आहे. लंबमज्जेत रेट्रोट्रॅपेझॉइड न्यूक्लियस, थोडक्यात आरटीएन, नावाचा चेतापेशींचा छोटा पुंजका असतो. त्या पेशींमध्ये आम्लामुळे जागा होणारा जीपीआर४ हा ग्राही असतो. उंदरांमधून तो काढला, की कार्बन डायऑक्साइड वाढूनही श्वास पुरेसा वाढत नाही. सोबत टास्क-२ हे पोटॅशियम चॅनलही काढलं, तर हा प्रतिसाद जवळजवळ नाहीसाच होतो.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढे आहे. लेखकांनी जीपीआर४ आरटीएनच्या पेशींत परत घातला आणि प्रतिसाद परत आला. त्यामुळे बिघाड शरीरात दुसरीकडेच झाला असेल, ही शंका बरीचशी मिटते.

मग खटकतं काय? निष्कर्षातला 'अत्यावश्यक' हा शब्द, आणि आपण तो कसा वाचतो ते. "सेन्सर सापडला, विषय संपला" असं आपण धरून चालतो. पण २०११ मध्ये, 'सायन्स'मध्येच, दुसऱ्या एका गटाने उंदरांच्या सेरोटोनिन बनवणाऱ्या चेतापेशी तात्पुरत्या शांत केल्या होत्या. तिथे हाच प्रतिसाद सुमारे निम्म्यावर आला. आता बेरीज करा. इथे जवळजवळ शंभर टक्के, तिथे पन्नास. दीडशे टक्के आणायचे कुठून?

बिल्डिंगच्या पाण्याचं उदाहरण घ्या. खालची मोटर बंद केली, की गच्चीवरच्या टाकीत थेंब येत नाही. मोटर चालू ठेवून वाटेतला कॉक अर्धा फिरवला, की पाणी निम्मं. म्हणून मोटरचा वाटा शंभर टक्के आणि कॉकचा पन्नास, असं कुणी म्हणत नाही. दोघं एकाच पाइपवर आहेत. तसंच, पेशीतलं काही काढून प्रतिसाद गेला, तर ती पेशी वाटेत आहे एवढं कळतं. आम्ल ओळखणारी ती एकटीच, हे त्यातून सिद्ध होत नाही. सेरोटोनिन आरटीएनला सज्ज ठेवत असेल, किंवा आरटीएनच्या पुढच्या टप्प्यावर काम करत असेल.

हे इतकं लावून धरायला कारण आहे. जन्मजात मध्यवर्ती अल्पश्वसन या दुर्मीळ आजारात मूल झोपलं की त्याचा श्वास अपुरा पडतो आणि रात्री व्हेंटिलेटर लागतो. २००३ मध्ये त्याचं नातं पीएचओएक्स२बी या जनुकाशी जोडलं गेलं, आणि आरटीएनच्या पेशींतही हे जनुक सक्रिय असतं. ज्या मुलाचं आरटीएनच नीट बनलं नसेल, त्याला जीपीआर४ जागवणारं औषध काय कामाचं? पाइपवरचा पुढचा टप्पा माहीत असेल, तर निदान तिथून प्रयत्न करता येईल.

पेपर जरूर वाचा. फक्त 'अत्यावश्यक' दिसलं, की शेजारी पेन्सिलीने लिहा: कशासाठी?