युद्ध, कम्यून आणि निर्णयाचा अधिकार : उत्तर सीरियातील ‘सामाजिक करारा’ची चिकित्सा

प्रस्तावना :

युद्धकाळात लोकशाहीचा संकोच अटळ असतो, असे राज्यशास्त्रात सर्वसाधारणपणे मानले जाते. उत्तर सीरियातील कुर्दबहुल प्रदेशाने या गृहीतकाला आव्हान दिले. कुर्दी भाषेत या प्रदेशास ‘रोजावा’, म्हणजे ‘पश्चिम’, असे म्हणतात. जुलै २०१२ मध्ये असद राजवटीचे सैन्य येथील बहुतेक भागांतून मागे हटले आणि युद्ध सुरू असतानाच तेथे स्वशासनाची नवी रचना उभी राहिली. जानेवारी २०१४ मध्ये जझीरा, कोबानी व अफ्रीन या तीन कँटनांनी स्वायत्तता घोषित केली आणि ‘सामाजिक करार’ हा ९६ कलमांचा दस्तऐवज स्वीकारला. या दस्तऐवजाविषयी आजवर झालेले लेखन प्रामुख्याने दोन टोकांना विभागलेले आढळते. समर्थकांना त्यात थेट लोकशाहीचा आदर्श दिसतो, तर टीकाकारांना एका सशस्त्र पक्षाच्या सत्तेवर घातलेले आवरण. ही दोन्ही मते कम्यून खरी की खोटी याच प्रश्नाभोवती फिरतात. कम्यूनपुढे कोणते विषय निर्णयासाठी येत होते, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न त्यामुळे बाजूला पडतो. प्रस्तुत लेखात त्याच अंगाने या कराराची चिकित्सा केली आहे.

वैचारिक पार्श्वभूमी :

या रचनेमागील विचार अब्दुल्ला ओजालान यांचा आहे. फेब्रुवारी १९९९ मध्ये अटक झाल्यानंतर इम्राली बेटावरील तुरुंगात त्यांनी अमेरिकन विचारवंत मरे बुकचिन (१९२१–२००६) यांच्या ग्रंथांचे वाचन केले. स्वतंत्र कुर्दी राष्ट्राची जुनी मागणी मागे ठेवून २००५ मध्ये त्यांनी ‘लोकशाही महासंघवादा’ची भूमिका मांडली. बुकचिन यांच्या विचारात एक भेद मूलभूत आहे. धोरण ठरविण्याचा अधिकार नागरिकांच्या सभेचा असतो. वरच्या स्तरावरील परिषदांनी त्या धोरणाची केवळ अंमलबजावणी करावयाची असते. शस्त्रधारी नागरिक दलही सभेच्याच अधीन असावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. रोजावातील प्रयोगाचे मूल्यमापन करताना हाच निकष लावणे न्याय्य ठरते, कारण तो बाहेरून आणलेला नसून त्या प्रयोगाच्या वैचारिक मुळाशीच आहे.

कराराच्या संहितेचे स्वरूप :

२०१४ च्या करारातील काही तरतुदी निःसंशय मौलिक आहेत. १९६२ च्या जनगणनेत हसाका प्रांतातील सुमारे १,२०,००० कुर्दांचे नागरिकत्व हिरावून घेण्यात आले होते. त्याच भूमीत जझीरा कँटनने कुर्दी, अरबी व सिरियाक या तिन्ही भाषांना अधिकृत दर्जा दिला. अन्याय सोसलेल्या समाजाने सत्ता हाती येताच केवळ स्वतःच्या भाषेचा आग्रह धरला नाही, ही गोष्ट लहान नाही. मृत्युदंड रद्द करण्यात आला आणि सर्व शासकीय संस्थांत स्त्री व पुरुष या दोहोंपैकी कोणाचेही प्रमाण ४० टक्क्यांहून कमी असू नये, असे बंधन घालण्यात आले.

तथापि संहिता काळजीपूर्वक वाचली असता एक विसंगती जाणवते. तिच्यातील सत्तेची रचना विधिमंडळ, कार्यकारी परिषद, निवडणूक आयोग व संविधान न्यायालय अशी, म्हणजे परिचित संसदीय पद्धतीची आहे. ज्या कम्यूनचा जगभर गौरव झाला, ती या रचनेचा पाया म्हणून येत नाही. कम्यून हे थेट लोकशाहीचे मूलभूत रूप असल्याचा स्पष्ट उल्लेख २०१६ च्या सुधारित मसुद्यात येतो. डिसेंबर २०२३ च्या १३४ कलमी करारातही तो कायम राहिला. याउलट सैन्याविषयी २०१४ ची संहिता प्रारंभापासूनच निःसंदिग्ध आहे. कलम १५ नुसार जनसंरक्षण दले हीच तिन्ही कँटनांची एकमेव सैन्यशक्ती होती.

कम्यूनचे कार्यक्षेत्र :

प्रत्यक्षात कम्यून म्हणजे मोहल्ल्याची किंवा गावाची सभा. तिच्या समित्या डिझेल व पावाचे वाटप करीत, गरजू कुटुंबांची नोंद ठेवीत, भांडणे सामोपचाराने मिटवीत. नाकेबंदी आणि टंचाईच्या काळात ही कामे क्षुल्लक नव्हती. हिवाळ्यात चुलीसाठी डिझेल कोणाला आधी मिळावे, हा त्या घरांपुरता जगण्याचाच प्रश्न होता. किंबहुना टंचाई होती म्हणूनच सर्वसामान्य माणूस सभेला येऊन बसत होता. युद्धामुळे कम्यून दुर्बल झाली, हे विधान म्हणूनच अर्धसत्य आहे. तिला तिचे प्रयोजनही युद्धानेच दिले.

परंतु जे विषय कम्यूनपर्यंत आलेच नाहीत, त्यांचाही विचार आवश्यक आहे. जुलै २०१४ मध्ये जझीरा कँटनमध्ये सक्तीच्या सैन्यसेवेचा कायदा झाला. १८ ते ३० वयोगटातील एका सदस्यास प्रत्येक कुटुंबाने सेवेत पाठवावे, असे त्यात होते. हा कायदा संमत करणारे विधिमंडळ थेट निवडणुकीतून आलेले नव्हते. रुमेलानच्या तेलाचे उत्पन्नही मोहल्ल्याच्या सभेच्या हाती नव्हते. २७ जून २०१३ रोजी अमुदा येथे निदर्शकांवर गोळीबार होऊन माणसे मृत्युमुखी पडली. त्या दलांना जाब विचारण्याचा अधिकार कोणत्याही सभेपाशी नव्हता. सप्टेंबर २०१७ मध्ये कम्यूनच्या सहअध्यक्षांच्या आणि डिसेंबरमध्ये स्थानिक परिषदांच्या निवडणुका पार पडल्या. मात्र वरच्या स्तरावरील तिसरा टप्पा झालाच नाही. थोडक्यात, बुकचिन यांचा क्रम येथे उलटला होता. अंमलबजावणी सभेकडे आली आणि धोरण वर राहिले.

एक आक्षेप व त्याचा विचार :

यावर असा आक्षेप घेता येईल की, सप्टेंबर २०१४ पासून कोबानीला ‘इस्लामिक स्टेट’चा वेढा पडला असताना सभा बोलावून मतदान घेणे शक्य नव्हते. २०१८ मध्ये अफ्रीन आणि २०१९ मध्ये सेरेकानिये तुर्कस्तानच्या आक्रमणात गेले, तेव्हाही परिस्थिती निराळी नव्हती. हा आक्षेप रणांगणावरील निर्णयांपुरता मान्य करावाच लागतो. मात्र सैन्यभरती, कैद्यांची वागणूक, तेलाचे उत्पन्न आणि शत्रूशी वाटाघाटी हे विषय एका रात्रीत ठरविण्याचे नव्हते. डिझेलचे वाटप ठरवू शकणाऱ्या सभेला आपल्या मुलांच्या सैन्यसेवेविषयी मत देता आले नसते, असे म्हणणे तर्कसंगत नाही.

स्त्रियांच्या संघटनेचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. ‘माला जिन’ म्हणजे स्त्रियांचे घर, स्वतंत्र स्त्री-परिषदा, सहअध्यक्षपद आणि स्वतंत्र सशस्त्र दल यांमुळे स्त्रियांपाशी केवळ उपस्थिती नव्हे, तर निर्णयाचा स्वतःचा अधिकार होता. बालविवाह व बहुपत्नीत्व यांवरील बंदी युद्ध सुरू असतानाच, २०१४ मध्ये आली. जेथे अधिकार दिला गेला, तेथे युद्धातही लोकशाही विस्तारली, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष :

डिसेंबर २०२४ मध्ये असद राजवट कोसळली. १० मार्च २०२५ रोजी या प्रदेशातील नागरी व लष्करी संस्था सीरियाच्या राज्यव्यवस्थेत विलीन करण्याचा करार झाला. त्यावर एका बाजूने अहमद अल-शरा आणि दुसऱ्या बाजूने सेनापती मझलूम अब्दी यांनी स्वाक्षरी केली. कम्यूनचे भवितव्य ठरविणाऱ्या कागदावर सेनापतीची स्वाक्षरी असावी, यातच या प्रयोगाची मर्यादा सामावलेली आहे. जानेवारी २०२६ मध्ये राका व देर अझ-झोर हे अरबबहुल प्रदेश अल्पावधीत हातचे गेले. त्यामागे लष्करी कारणे होतीच. परंतु ज्या सत्तेच्या मोठ्या निर्णयांत लोकांचा वाटा नव्हता, तिच्या रक्षणासाठी ते उभे राहतील, ही अपेक्षाही फोल होती.

तरीही या प्रयोगास ढोंग ठरविणे अन्यायाचे होईल. ज्यांना राज्याने नागरिक मानले नव्हते, त्यांनी दशकभर भाकरी, इंधन व न्याय यांची व्यवस्था आपल्या हातांनी चालविली. सामाजिक कराराचा दोष लोकांवर अतिविश्वास ठेवल्याचा नाही. तो विश्वास शस्त्र आणि तेलाच्या उंबरठ्यावर थांबला, हा आहे.