तक्त्यातली थाळी

कवितेची समीक्षा करणारे पुष्कळ आहेत. मी भिंतीवरच्या एका तक्त्याची करणार आहे. 'संतुलित आहार' हा तो तक्ता. तिसरी-चौथीच्या वर्गात टांगलेला असतो, कोपरे दुमडलेले, वर चुन्याचे शिंतोडे. प्रस्थापित म्हणतील, हे काय वाङ्मय झालं? पण दोस्तहो, आपली पोरं कवितेच्या वाटेला जाण्याआधी हाच मजकूर वाचतात, पाठ करतात, परीक्षेत लिहितात. इतका वाचक आपल्यापैकी कुणाला मिळालाय?

मी पाहिलेल्या तक्त्यांत एक थाळी असते. पोळी, भाताची मूद, वरण, त्यावर तूप, कोशिंबीर, शेजारी दुधाचा पेला आणि सफरचंद. ते सफरचंद तर कुठल्याच तक्त्यातून हलत नाही. खाली तीन गट. ऊर्जा देणारे, शरीराची वाढ करणारे, रोगांपासून जपणारे.

गटांशी माझं भांडण नाही. धान्य, गूळ, तेल यांनी अंगात ताकद येते. डाळ, दूध, अंडी, मांस, मासळी यांनी शरीर वाढतं. पालेभाज्या-फळं आजार दूर ठेवायला मदत करतात. सोपं आहे, खरं आहे, आठ वर्षांच्या पोराला कळतं. शास्त्र कुणाची जात विचारत नाही. जात येते ती चित्रातून. दुसऱ्या रकान्यात 'मांस' हा शब्द असला तरी थाळीत त्याला वाटीसुद्धा नाही.

आणि भाषा बघा. दूध प्यावे, फळे खावीत, भाज्या खाव्यात. सगळी क्रियापदं विध्यर्थी. आणणार कोण, कशाच्या पैशानं, शिजवणार कोण, याचा पत्ताच नाही. दोन पाळ्यांत राबणाऱ्या घरात पोराला 'दूध प्यावे' म्हणणं म्हणजे पगाराशिवाय नुसती पावती देणं.

माझी भाची चौथीत. गृहपाठात 'काल काय खाल्लं' ते लिहायचं होतं. घरात भाकरी आणि वजडी झाली होती. पोरीनं लिहिलं, पोळी, वरणभात, दूध. बाईंनी शेरा दिला, छान. नऊ वर्षांच्या पोरीचं हे पहिलं कल्पित लेखन! तिला कुणी खोटं बोल म्हणालं नव्हतं. तक्त्यानं न बोलताच शिकवलं.

आता हेच तीन गट घेऊन आपल्या चुलीपाशी बसू. नाचणी पहिल्या गटातली, पण 100 ग्रॅम नाचणीत कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, वजनाला वजन धरलं तर दुधाच्या जवळजवळ तिप्पट. सुका बोंबील आणि सुकट दुसऱ्या गटातले, तिथल्या भल्याभल्यांना मागं टाकणारे. काळीज आणि रक्ती यांतलं लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा अंगाला चांगलं लागतं. बी-12 हे जीवनसत्त्व धान्य-डाळीत नसतंच. तांदुळजा, घोळ, शेवग्याचा पाला, कुर्डू हे सगळे तिसऱ्या गटात. म्हणजे शास्त्राच्या हिशेबानं आपली चूल नापास नाही. चित्रकारानं तिला नापास केलं.

मढं खाणं सोडा हे 1927 साली महाडला आपल्या लोकांना सांगितलं गेलं, ते माणूसपणासाठी. त्या गोष्टीचा आधार घेऊन कुणी आज अंड्याला आणि वजडीला नाक मुरडू नये. ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या 2015 सालच्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांची ताटं लिहून काढली. ते पुस्तक बालशिक्षण घेणाऱ्यांच्या हातात पडायला हवं.

तक्ता सोडून शाळेच्या पातेल्यात डोकावू. शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला रोज 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं द्यायची, असा नियम आहे. 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ. एका अंड्यात 6 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, म्हणजे नियमातली निम्मी. महाराष्ट्रानं नोव्हेंबर 2023मध्ये आठवड्यातून एकदा अंडं देण्याचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं. कुणावर जबरदस्ती नव्हती. जानेवारी 2025मध्ये सरकारनं त्याचा पैसा काढून घेतला. हवं तर लोकवर्गणीतून करा म्हणे! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनं 2019-21मध्ये याच राज्यात पाच वर्षांखालच्या 100 मुलांतली 35 वयाच्या मानानं खुजी आढळली असं नोंदवलंय. भिंतीवर 'अंडी' लिहायची आणि पातेल्यातून काढायची, याला काय म्हणायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं.

मग बाईंनी काय करावं? तक्ता फाडू नये. उलटा करून टांगावा, पाठची बाजू कोरी असते. तीन रकाने आखावेत. पोरांना विचारावं, काल घरी काय झालं होतं, आणि जे सांगतील ते त्यांच्याच हातानं रकान्यात लिहून घ्यावं. वजडी तर वजडी, अंबील तर अंबील, चटणी-भाकरी तर तेच. कुणी हसलं तर तिथंच थांबवावं. ज्याचा दुसरा रकाना रोज रिकामा राहतो त्याच्याकडे नीट बघावं, त्याला दूध प्यावे म्हणू नये. स्वस्तात तो कसा भरेल ते सांगावं. मूठभर शेंगदाणे, मटकी, चवळी, सुकट. चौथा रकाना भावाचा ठेवावा.

शाळा जूनमध्ये उघडते. पाऊस पडला की घोळ, कुर्डू बांधावर फुकट उगवतात. पहिल्या आठवड्यातच पोरांना तिकडं नेता येईल.