इंग्रजीचं ध्वनिशास्त्र आणि आपल्या मुलांचे कान

ध्वनिशास्त्र म्हटलं की मराठी माणसाला पहिल्यांदा आठवते ती 'ती फुलराणी'. शॉच्या 'पिग्मॅलियन'चं पु.लं.नी केलेलं हे रूपांतर १९७५ साली रंगभूमीवर आलं आणि भाषा शिकवणारा प्राध्यापक कसा असतो याचं एक चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलं. उद्धट, घमेंडखोर, समोरच्या पोरीच्या बोलीची टर उडवणारा. हे सगळं खरंच. पण मूळ नाटकाच्या दुसऱ्या अंकाची रंगसूचना एकदा वाचून बघा. त्या हिगिन्सच्या खोलीत फोनोग्राफ आहे, घशात बघायचा आरसा आहे, नादकाटे आहेत. तो माणूस ऐकतो आणि ऐकवतो. आमची तक्रार अशी की आपण त्याची घमेंड तेवढी उचलली. त्याचा फोनोग्राफ मात्र तिकडेच राहिला.

यवतमाळ जिल्ह्यात, आणि जिल्ह्यातच कशाला, महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी, बी.ए., एम.ए.च्या इंग्रजीत उच्चारशास्त्र हा लेखी विषय झाला आहे. १९८३ साली अमरावतीला विद्यापीठ झालं, त्याआधी आपली महाविद्यालयं नागपूरकडे होती. विद्यापीठ बदललं, अभ्यासक्रमही अनेकदा बदलले, पण वर्गातलं चित्र फारसं बदललं नाही. फळ्यावर तोंडाची उभी छेद घेतलेली आकृती. एकूण ध्वनी चव्वेचाळीस, त्यात स्वर वीस, व्यंजनं चोवीस. मुलं पाठ करतात. शब्दाचं चिन्हलेखन करा म्हटलं की बिनचूक करतात आणि गुण मिळवतात. त्याच मुलाला तो शब्द म्हणायला सांगा, तो खाली बघतो. पोहायला शिकवायचं आणि परीक्षा घ्यायची ती पाण्याच्या रासायनिक सूत्रावर, असा हा प्रकार.

बरं, हे चव्वेचाळीस आले कुठून? डॅनिअल जोन्सने १९१७ साली उच्चारांचा कोश काढला. त्याने नमुना धरला तो दक्षिण इंग्लंडमधल्या, मुलगे महागड्या निवासी शाळांत शिकलेल्या घरांचा. जोन्सने ते लपवलेलं नाही, आपल्या नमुन्याला आधी त्याने 'पब्लिक स्कूल उच्चार' असंच नाव दिलं होतं. पुढे काळ बदलला आणि त्याच कोशाच्या १९९७ च्या आवृत्तीत संपादकांनी 'बीबीसी उच्चार' हे नाव पसंत केलं. 'टूर' या शब्दातला जोडस्वर आज तिकडच्या कित्येकांच्या बोलण्यात उरलेला नाही, ते सरळ 'टॉऽ' म्हणतात. आणि आपली मुलं इकडे विसावा स्वर म्हणून तो घोकत बसलीत! नमुना ठेवू नये असं आम्ही म्हणत नाही. शिकवायला काहीतरी धरावं लागतंच. पण नमुना कोणाचा, कधीचा आणि कशासाठी, हे मुलांना सांगायला नको?

आता मुद्द्याची गोष्ट. क्रमिक पुस्तकांत नियम असतो की आघातयुक्त अवयवाच्या सुरुवातीला प, ट, क हे ध्वनी 'ॲस्पिरेटेड' होतात. मुलं ही व्याख्या इंग्रजीत पाठ करतात. ॲस्पिरेटेड म्हणजे महाप्राण, हे सांगायचं राहून जातं. अहो, अल्पप्राण आणि महाप्राण आपण मराठी व्याकरणात शाळेतच शिकतो! काडी वेगळी आणि खाडी वेगळी, हे तीन वर्षांच्या पोराला कळतं. इंग्रज माणूस 'किन' म्हणतो तेव्हा त्याचा क आपल्या ख कडे झुकतो, 'स्किन' म्हणतो तेव्हा तो साधा क असतो. गंमत म्हणजे हा फरक सर्वसाधारण इंग्रजाला स्वतःला जाणवत नाही, कारण त्याच्या भाषेत त्याने अर्थ बदलत नाही. आपल्या पोराला तो चटकन ऐकू येईल, फक्त कोणीतरी ऐकवला पाहिजे. घोष-अघोष, कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य ही सगळी मांडणी आपल्या बाराखडीच्या पोटात आहे. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९४६ च्या निबंधात इंग्लंडच्या ध्वनिशास्त्रावरचं प्राचीन भारतीय वैयाकरणांचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं आहे. आपल्याकडे मात्र इंग्रजीचे सर आणि मराठीचे सर एकाच स्टाफरूममध्ये चहा पितात आणि या विषयावर चकार शब्द बोलत नाहीत.

अक्षर आणि ध्वनी वेगळे असतात, हा या शास्त्राचा पहिला धडा. तो शिकवायला लंडनला कशाला जायचं? 'चार' म्हणा, मग 'चारा' म्हणा. च एकच, ध्वनी दोन. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे पाण्याचा, यांतला ज वेगळा. 'हरकत' लिहितो चार अक्षरांत, म्हणतो हर्कत. इंग्रजीतला तो दुबळा स्वर, उलटा छापलेला रोमन ई, त्याचं मुलांना केवढं भय वाटतं! तो आपल्या अ चा जवळचा नातेवाईक आहे, आणि अ कुठे गिळायचा हे आपली जीभ रोज न शिकवता करते.

आता बोलीकडे येऊ. आपला मुलगा 'काळा'ला 'काया' म्हणतो, 'पाणी'ला 'पानी' म्हणतो. पुण्यामुंबईकडे लोक यावर हसतात. आम्ही सांगतो, इंग्रजीत ण पण नाही आणि ळ पण नाही. म्हणजे तेवढ्या बाबतीत आपला वऱ्हाडी माणूस आधीच पास आहे! हा झाला विनोद. पण हसण्याची भीती हा विनोद नाही. ज्याला मराठीतच तोंड उघडल्यावर हसले, तो इंग्रजीत कशाला तोंड उघडेल?

पांढरकवड्याकडच्या एका वर्गात आम्ही एक खेळ घेतला होता. लिहायचं 'पेन' आणि दुखणं ते 'पेन'. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहावे लागतात, कारण मराठीत आखूड ए आणि लांब ए असा अर्थ बदलणारा भेद नाही. मुलांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं, आम्ही एकेक शब्द म्हणायचो आणि त्यांनी कोणता ते सांगायचं. वर्गातल्या हुशार मुलांची गडबड झाली. बरोबर सांगत होती ती कोलाम पोडावरून आलेली एक मुलगी, जी वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसून असायची. यात जादू काही नव्हती. कोलामी ही द्राविडी भाषा आहे, तिच्यात ए आणि ओ आखूडही आहेत आणि लांबही. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी शेजारच्या वर्धा भागातल्या कोलामीवर काम करून १९५५ साली पुस्तक छापलं. जगातल्या भाषाशास्त्रज्ञांना ते ठाऊक आहे, आणि आपल्या इंग्रजी विभागात ते नावही घेतलं जात नाही. त्या मुलीने नंतर एवढंच विचारलं, "सर, हे परीक्षेत येते का?" आम्हाला नाही म्हणावं लागलं.

मग उच्चार इंग्रजांसारखे व्हावेत का? हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेत आर. के. बन्सल यांनी या प्रश्नाला वेगळं वळण दिलं. भारतीयांचं इंग्रजी इतरांना कितपत कळतं, यावरचा त्यांचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध झाला. प्रश्न साहेबासारखं बोलण्याचा नाही, कळण्याचा आहे. ट थोडा आपल्यासारखा झाला तर बिघडत नाही. पण आघात चुकला की ऐकणारा अडखळतो. 'डेव्हलप'मध्ये जोर मधल्या अवयवावर आहे, आपण तो 'डे'वर देतो. 'फोटोग्राफ'चा 'फोटोग्राफर' झाला की जोर सरकतो आणि शब्द 'फटॉग्रफर' असा होतो. शिकवायचं तर आधी हे शिकवा, विसावा स्वर नंतर.

शेवटी चर्चासत्रांविषयी. आमचा आग्रह आहे की मुलाने लिहिलेला निबंध त्याला मोठ्याने वाचायला लावा. चाळीस शब्दांचं वाक्य असेल तर श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलने रेघ मारायला सांगा. ज्याला वाक्य समजलं आहे तो बरोबर जागी थांबतो. उतरवून घेतलेल्या वाक्यात पोरगं कर्ता सोडून भलतीकडेच श्वास घेतं आणि मार्गदर्शकाला एका मिनिटात सगळं कळतं. पण आम्ही हे चोरी पकडायला सांगत नाही. ते पोरगं चोर नसतं. आपलं म्हणणं आपल्या श्वासात बसेल एवढ्या इंग्रजी वाक्यात मांडायला त्याला कोणी सांगितलेलंच नसतं, म्हणून ते दुसऱ्याचं वाक्य उसनं आणतं. त्याला आधी तोंडी विचारा, बाबा तुला म्हणायचंय काय? मराठीत सांगू द्या, वऱ्हाडीत, गोरमाटीत सांगू द्या. मग तेच आठ-दहा शब्दांच्या इंग्रजी वाक्यात. प्रयोगशाळेला निधी नाही ही सबब आता चालत नाही, आवाज टिपायचं यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. पहिल्या दिवशीचा आवाज टिपून ठेवा आणि सहा महिन्यांनी त्यालाच ऐकवा.

वेळ संपत आली. प्रश्न असतील तर विचारा, वऱ्हाडीत विचारले तरी चालतील.