पाण्याखालून पाहिलेला तुडतुडा

कपाशीच्या पानामागचा तुडतुडा आपल्या शेतकऱ्याला वेगळा दाखवावा लागत नाही. कृषी केंद्रात त्यालाच जॅसिड म्हणतात. अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलजवळच्या लेटोर्ट ओढ्यावर त्याच कुळातल्या किड्याच्या नावाने एक नकली माशी जन्मली. ट्राउट मासा गळाला लावण्यासाठी बांधलेली, पाण्यावर तरंगणारी. म्हणून ड्राय फ्लाय. ती घडवली व्हिन्सेंट मारिनारो यांनी. त्यांचं ‘अ मॉडर्न ड्राय-फ्लाय कोड’ हे पुस्तक १९५० साली आलं.

ट्राउट वर येऊन काहीतरी टिपतोय, आणि पाण्यावर तर काहीच दिसत नाही, हे कोडं त्यांना पडलं होतं. ते काठावर पालथे पडले, डोळे पाण्याच्या पातळीला आणून पाहत राहिले, वाहतं पाणी गाळून पाहिलं. हाती आले ते इवले तुडतुडे, मुंग्या, भुंगेरे. तोवरची नावाजलेली ड्राय फ्लाय म्हणजे उभे पंख, लांब शेपूट आणि गळ्याभोवती पिसांची ताठ कॉलर. इथे तो थाट उपयोगाचा नव्हता.

मला या माशीत सर्वांत मोलाचं वाटतं ते तिने सोडून दिलेलं. ट्राउट खालून बघतो. वर उजेडाचं आभाळ, त्यावर किड्याची काळी आकृती. त्याची जाडी माशाला दिसतच नाही. मग शरीर भरायचं कशाला? एक सपाट पीस आडवं ठेवलं की पुरे.

आणि ते पीस आपल्या रानकोंबड्याचं! भीमाशंकरच्या झाडीत पहाटे तुटक आरवणारा हा सह्याद्रीचा पक्षी. त्याच्या मानेच्या पिसाचे धागे टोकाकडे एकजीव होऊन मेणासारखी चकाकणारी, पांढरी-पिवळी चकती बनते. माशी बांधणारे तिला नखच म्हणतात, आणि बोटावर घेतली की पटतं. पूर्वी ही पिसं भारतातूनच जात. आता आपल्याकडे पक्षी संरक्षित आहे आणि निर्यात बंद. बाहेर पाळून वाढवलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात.

बांधणी थोडक्यात होते, पण सोपी नाही. २० नंबरचा गळ तांदळाच्या दाण्याएवढा. तो छोट्या व्हाइसमध्ये धरून त्यावर बारीक काळा दोरा चढवायचा. मग कोंबड्याच्या आखूड धाग्यांच्या पिसाचे विरळ वेढे मागून पुढे घ्यायचे, आणि वरचे-खालचे धागे कात्रीने छाटून टाकायचे. बाजूचे उरतात ते पाय. त्यांच्यावरच माशी पाण्याला चिकटून तरंगते. वरची छाटणी नीट झाली नाही, तर नख तिरपं बसतं. शेवटी ते पाठीवर ठेवून नेढ्यामागे तीन-चार घट्ट वेढे. इथे श्वास आपोआप रोखला जातो: दोरा ओढताना पीस फिरू पाहतं, त्याला अंगठ्याच्या नखाने दाबून धरावं लागतं.

एक-दोन मासे लागले की ट्राउटच्या बारीक दातांनी हे पीस मधोमध चिरतं. म्हणून जाणते लोक बांधण्यापूर्वीच त्याच्या पोटाकडून लॅकरचा एक थेंब पसरतात, आणि तो सुकेपर्यंत पीस उताणं ठेवतात.